उपयोजित भौतिकीतला रिव्ह्यू लेख: प्रस्तावापासून प्रूफपर्यंत

रिव्ह्यू लेख, म्हणजे एखाद्या विषयावरच्या आजवरच्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख, फेटाळला जातो तेव्हा त्याचं कारण कच्चं इंग्रजी क्वचितच असतं. बहुतेकदा दोषाची बीजं लिखाण सुरू होण्याआधीच पेरलेली असतात. विषय फार पसरट असतो, त्याच विषयावर दीड वर्षापूर्वी कोणीतरी लिहून गेलेलं असतं, किंवा तीनशे पेपरांची नोंद असते पण त्यातलं कुठलं मोजमाप विश्वासार्ह आणि कुठलं नाही, यावर लेखक तोंड उघडत नाही. म्हणून पुढचा बराचसा भाग सबमिट बटण दाबण्याच्या आधीच्या कामाबद्दल आहे.

उदाहरणासाठी एकच विषय शेवटपर्यंत धरला आहे: थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ, म्हणजे उष्णतेच्या फरकातून थेट वीज देणारे पदार्थ, आणि त्यातही टिन सेलेनाइड. विषय तुमचा वेगळा असेल, पण खाचखळगे हेच असतात.

लिहावा की नाही

पीएचडीच्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण म्हणजे रिव्ह्यू नव्हे. साहित्य समीक्षा गाइडला आणि परीक्षकांना दाखवते की तुम्ही वाचलंय. रिव्ह्यू वाचकाला सांगतो की या क्षेत्रात काय पक्कं आहे, काय वादात आहे आणि काय चुकीच्या पायावर उभं आहे. ते प्रकरण उचलून पाठवण्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. भारतातले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात उघड पडतात, आणि जर्नलं येणारा प्रत्येक मजकूर क्रॉसरेफच्या सिमिलॅरिटी चेकमधून, म्हणजे मजकुरातलं साम्य पकडणाऱ्या आयथेंटिकेटमधून, काढतात. तुमचंच प्रकरण तुमच्याच अंगावर येतं. प्रबंधातला काही भाग घ्यायचाच असेल तर तो नव्याने लिहा, प्रबंधाचा संदर्भ द्या आणि संपादकांच्या पत्रात तसं आधीच सांगून टाका.

पहिलं काम: गेल्या पाच वर्षांत त्या विषयावर आलेले सगळे रिव्ह्यू शोधा. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या पेपरांच्या डेटाबेसमध्ये लेखप्रकार 'रिव्ह्यू' निवडला की यादी मिळते. एका तक्त्यात प्रत्येकाचं वर्ष, व्याप्ती आणि त्यात काय नाही हे लिहा. तिसरा रकाना भरता येईना, तर विषय बदला. तो भरला, तर तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य त्यातूनच निघेल.

जर्नल निवडताना

उपयोजित भौतिकीत रिव्ह्यूसाठी सगळ्यात सरळ नाव म्हणजे एआयपी पब्लिशिंगचं 'अप्लाइड फिजिक्स रिव्ह्यूज'. २०१४ पर्यंत तो 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मधला एक विभाग होता, मग स्वतंत्र जर्नल झालं. आयओपीच्या 'जर्नल ऑफ फिजिक्स डी'मध्ये 'टॉपिकल रिव्ह्यू' नावाचा प्रकार आहे. १९२९ पासून निघणाऱ्या 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'चं दार मात्र फार अरुंद आहे. क्षेत्रात दोन-तीन दशकं काढलेल्या लोकांसाठी ते ठीक. घरचं म्हणाल तर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं 'प्रमाण' १९७३ पासून निघतंय.

निवडलेल्या जर्नलमधले अलीकडचे तीन रिव्ह्यू छापून घ्या आणि हातात पेन घेऊन मोजा: पानं किती, आकृत्या किती, संदर्भ किती, स्वतःच्या गटाच्या आकृत्या किती, शेवटच्या 'पुढची दिशा' या भागाला किती जागा दिलीय. वेबसाइटवरच्या सूचनांपेक्षा या मोजणीतून जास्त कळतं.

'आदरणीय प्राध्यापक, आपल्या मौलिक संशोधनाने प्रभावित होऊन' अशी सुरुवात करून पंधरा दिवसांत रिव्ह्यू मागणारे ईमेल रोज येतात. त्यांना उत्तर देऊ नका. शंका असेल तर संपादकाचं नाव त्याच्या संस्थेच्या पानावर शोधा. तो तिथे त्या जर्नलचा उल्लेख करत नसेल, किंवा अशी व्यक्तीच सापडत नसेल, तर विषय संपला.

खर्चाचाही हिशोब आधीच करा. मुक्त प्रवेशाचं शुल्क आणि जुन्या वर्गणीच्या मार्गाने फुकट छापणं हे दोन्ही पर्याय एकाच जर्नलमध्ये असू शकतात. स्वीकृतीनंतर चौकटीत चुकीची खूण केली की डॉलरमधलं बिल येतं. आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना सुमारे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं वाचायला देते. सरकारी विद्यापीठात असाल तर मूळ पेपर मिळत नाहीत ही सबब आता चालणार नाही. खाजगी महाविद्यालयातल्या मंडळींनी सरकारी संस्थेतला एक सहलेखक सोबत घेतला तर काम हलकं होतं, अर्थात त्याने खरंच काम केलं तर.

प्रस्ताव

बहुतेक चांगली रिव्ह्यू जर्नलं पूर्ण लेखाआधी प्रस्ताव मागतात किंवा तो पाठवलेला त्यांना आवडतो. न विचारता साठ पानं लिहून पाठवणं म्हणजे मुलगी न बघता हॉल बुक करणं.

प्रस्ताव दोन पानांचा असावा, फार तर तीन. त्यात शीर्षक, दोनशे-तीनशे शब्दांत व्याप्ती, हा लेख आत्ताच का, आधीचे रिव्ह्यू कोणते आणि हा वेगळा कसा, विभागांचा आराखडा प्रत्येकी अंदाजे पानांसह, पंधरा-वीस मुख्य संदर्भ, लेखकांचं या विषयातलं स्वतःचं काम आणि लेख देण्याची तारीख. तारीख पाळता येईल अशीच द्या.

संपादक 'आत्ताच का' याच परिच्छेदावर थांबतो. तो बहुतेकांचा असा असतो: 'थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांचं ऊर्जाक्षेत्रात मोठं महत्त्व आहे. या लेखात टिन सेलेनाइडवरच्या प्रगतीचा सर्वंकष आढावा घेतला आहे.' यातून काहीच कळत नाही. आता हे बघा (झेडटी म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ किती चांगला हे सांगणारा आकडा; एकस्फटिक म्हणजे अखंड एकच स्फटिक, बहुस्फटिकी म्हणजे अनेक बारीक स्फटिकांचा नमुना): '२०१४ मध्ये टिन सेलेनाइडच्या एकस्फटिकात ९२३ केल्विनला २.६ झेडटी नोंदवला गेला. एवढी कमी उष्णतावाहकता खरी का, यावर लगेच वाद झाला. २०२१ मध्ये पृष्ठभागावरचं ऑक्साइड काढलेल्या बहुस्फटिकी नमुन्यात ७८३ केल्विनला सुमारे ३.१ पर्यंत आकडा गेला. या दोन टप्प्यांमधली मोजमापं एकाच निकषावर तपासून, विसंगतीतला किती भाग नमुन्यामुळे आणि किती मोजण्याच्या पद्धतीमुळे आला, हे हा लेख ठरवतो.' दुसऱ्या उताऱ्यात वाद आहे, दोन तारखा आहेत आणि लेखाने काय निकाल द्यायचा ते आहे. 'सर्वंकष' हा शब्द प्रस्तावातून काढूनच टाका. तो वाचला की संपादकाला व्याप्ती ठरलेली नाही असंच वाटतं.

पेपर गोळा करणं

शोधशब्द, डेटाबेस आणि शोधाची तारीख एका वहीत लिहून ठेवा. रेफ्री, म्हणजे जर्नलने लेख तपासायला नेमलेला तज्ज्ञ, हमखास विचारतो की अमुक पेपर का सुटला, आणि तेव्हा 'शोध या तारखेपर्यंतचा होता' हे उत्तर पुराव्यासकट देता आलं पाहिजे.

संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवण्याचा एक जास्तीचा फायदा म्हणजे मागे घेतलेला पेपर असेल तर तिथे लाल पट्टी दिसते. सबमिट करायच्या आदल्या दिवशी ही तपासणी पुन्हा करा, कारण पेपर मध्येच मागे घेतले जातात. दुसऱ्या रिव्ह्यूत वाचलेला आकडा मूळ पेपर न उघडता घेऊ नका. एखादी दशांश चिन्हाची चूक पाच रिव्ह्यूंतून पिढ्यानपिढ्या चालत आलेली सापडते, आणि सहावे तुम्ही असता. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून बघितल्याशिवाय त्यातला एकही यादीत जाऊ देऊ नका. लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर अस्तित्वातच नाही, असे संदर्भ तो सर्रास देतो.

तुलनेचा तक्ता: खरा रिव्ह्यू इथे होतो

वेगवेगळ्या पेपरांतले आकडे एका रकान्यात मांडले की ती तुलना होत नाही. झेडटी म्हणजे सीबेक गुणांकाचा (तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे मिळणाऱ्या व्होल्टेजचा) वर्ग × विद्युतवाहकता × केल्विनमधलं तापमान ÷ उष्णतावाहकता. यातली प्रत्येक राशी वेगळ्या यंत्रावर, कधी वेगळ्या नमुन्यावर मोजलेली असते.

आता मोजमापातल्या अनिश्चिततेचा हिशोब करून बघा. समजा सीबेक गुणांकात ५ टक्के, विद्युतवाहकतेत ५ टक्के आणि उष्णतावाहकतेत ८ टक्के अनिश्चितता आहे. सीबेकचा वर्ग येतो म्हणून त्याचे ५ चे १० होतात. १०, ५ आणि ८ यांच्या वर्गांची बेरीज १८९, वर्गमूळ साधारण १४. म्हणजे १.५ झेडटी हा प्रत्यक्षात १.३ ते १.७ मधला कुठलाही आकडा असू शकतो. मग एका गटाचा १.४ आणि दुसऱ्याचा १.६ घेऊन 'डोपिंगमुळे (दुसरं मूलद्रव्य किंचित मिसळल्यामुळे) लक्षणीय सुधारणा झाली' असं लिहिणं म्हणजे गोंगाटाचा सूर लावणं. रेफ्री नेमका हाच परिच्छेद पकडतो.

अजून आत जा. उष्णतावाहकता सहसा थेट मोजत नाहीत. उष्णता-विसरण गुणांक × घनता × विशिष्ट उष्णता असा गुणाकार करतात. विशिष्ट उष्णता बरेच जण मोजतच नाहीत, ड्यूलाँ-पेतीच्या नियमाने, म्हणजे अणुभारावरून हिशोब करून, घेतात. टिन सेलेनाइडसाठी तो आकडा ग्रॅममागे ०.२५२ ज्यूल प्रति केल्विन येतो. दुसऱ्या गटाने मोजून ०.२८ घेतला असेल, तर त्यांची उष्णतावाहकता तेवढ्यानेच ११ टक्के चढते आणि झेडटी १० टक्के उतरतो. पदार्थ तोच, फरक फक्त वहीतला. घनतेचंही तसंच. नमुना पोकळ राहिला तर उष्णता कमी वाहते आणि पदार्थ चांगला असल्याचा भास होतो. २०१४ च्या निकालानंतरच्या वादात नमुन्यांची घनता हा मोठा मुद्दा होता. शिवाय टिन सेलेनाइडचा स्फटिक थरांचा आहे, गुणधर्म दिशेनुसार बदलतात. विद्युतवाहकता नमुना बनवताना दिलेल्या दाबाच्या दिशेला समांतर आणि उष्णतावाहकता लंब दिशेत मोजून दोन्ही एका सूत्रात घातली, तर येणारा झेडटी कुठल्याच दिशेचा नसतो.

म्हणून तक्त्यात रकाने असे ठेवा: रासायनिक सूत्र, एकस्फटिक की बहुस्फटिक, बनवण्याची पद्धत, सैद्धांतिक घनतेच्या किती टक्के, मोजण्याची दिशा, विशिष्ट उष्णता मोजली की गृहीत धरली, सर्वोच्च झेडटी आणि त्याचं तापमान, आणि ३०० केल्विनपासून वर दिलेल्या टप्प्यातली सरासरी. शेवटचा रकाना विसरू नका. प्रत्यक्ष उपकरण एका टोकाच्या तापमानावर चालत नाही. सरासरी कमी असलेला विक्रमी आकडा उपकरणात फार कामाचा नसतो. जिथे पेपरात माहिती नाही तिथे 'दिलेली नाही' असंच छापा. अशा रिकाम्या चौकटींनी भरलेला रकानाही क्षेत्राबद्दल बरंच सांगून जातो.

तुमचं क्षेत्र सौर घट असेल तर हाच तक्ता घटाचं क्षेत्रफळ, स्कॅनची दिशा आणि टिकाऊपणाच्या चाचणीची परिस्थिती यांचा होईल. तत्त्व बदलत नाही.

लिखाण

'अमुक यांनी असं केलं. तमुक यांनी तसं केलं. पुढे फलाण्यांनी...' हा रिव्ह्यूचा सगळ्यात जुना आजार. वाचताना एसटीच्या वेळापत्रकासमोर उभं असल्यासारखं वाटतं. परिच्छेदाची सुरुवात पेपरापासून नको, प्रश्नापासून करा: ऑक्साइडचा थर उष्णतावाहकता किती वाढवतो? मग त्या एका प्रश्नावर चार पेपर एकत्र आणा आणि परिच्छेद संपायच्या आत तुमचा कौल द्या. कौल देता येत नसेल तर कोणतं मोजमाप झालं की देता येईल ते लिहा. 'पुढची दिशा' हा भाग अशाच वाक्यांनी भरतो. 'अजून संशोधनाची गरज आहे' या वाक्याने नाही.

सारांश २५० शब्दांच्या आत, त्यात संदर्भक्रमांक नकोत. स्वतःच्या गटाचे पेपर एकूण संदर्भांच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहिले तर कोणी भुवया उंचावत नाही. तीस टक्के झाले की तो रिव्ह्यू राहत नाही, बायोडेटा होतो.

आकृत्या आणि परवानग्या

इथे महिनाभर सहज जातो, आणि नेमकं हेच काम सगळे शेवटी ठेवतात.

दुसऱ्याच्या पेपरातली प्रत्येक आकृती वापरायला परवानगी लागते, 'सौजन्य' लिहून भागत नाही. तुमची स्वतःची जुनी आकृतीसुद्धा, हक्क प्रकाशकाला दिले असतील तर, बहुतेकदा त्याच रांगेत येते. रस्ता साधारण असा: मूळ पेपरच्या पानावर परवानगीची लिंक असते, ती राइट्सलिंक या परवाने देणाऱ्या सेवेवर नेते. तिथे वापराचा प्रकार 'जर्नल लेख', भाग 'आकृती', आकृत्यांची संख्या, छापील व इलेक्ट्रॉनिक दोन्ही, नव्या लेखाचं नाव आणि प्रकाशक भरायचे. शेवटी क्रमांक असलेलं परवानापत्र मिळतं, त्याची पीडीएफ आकृतीच्या क्रमांकाने नाव देऊन ठेवा. एसटीएम या प्रकाशक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सामील असलेले प्रकाशक एका लेखातल्या तीन आकृत्यांपर्यंत आपसात शुल्क घेत नाहीत. म्हणून एकाच पेपरातून चौथी आकृती घेण्याआधी दोनदा विचार करा.

नेहमीच्या चुका अशा. फॉर्ममध्ये 'प्रबंध' निवडलं की परवाना लगेच आणि फुकट मिळतो, मग तोच जर्नलच्या लेखाला जोडला जातो. तो चालत नाही, सगळं परत करावं लागतं. आकृती एखाद्या रिव्ह्यूतून घेतली जाते, पण तिचे हक्क मूळ पेपरच्या प्रकाशकाकडे असतात. 'अडॅप्टेड' लिहून रंग बदलले की परवानगी लागत नाही, हाही गैरसमज आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी-बाय परवाना असेल तर श्रेय, परवान्याचं नाव आणि बदल केला असल्यास तसा उल्लेख पुरे होतो. पण त्यापुढे एनडी अक्षरं असतील तर बदललेली आकृती छापता येत नाही, आणि एनसी असेल तर व्यावसायिक प्रकाशकाच्या जर्नलसाठी वेगळी परवानगी मागणंच सुरक्षित.

यातून सुटण्याचा चांगला मार्ग म्हणजे स्वतः आलेख काढणं. दहा पेपरांतले बिंदू वेबप्लॉटडिजिटायझरने उचला, एकाच अक्षावर मांडा, प्रत्येक बिंदूला संदर्भ द्या. आकडे ही वस्तुस्थिती आहे, त्यांच्यावर सहसा कोणाचा हक्क चालत नाही. आणि वाचकालाही दहा निरनिराळ्या रंगसंगतींच्या आकृत्यांपेक्षा हा एक आलेख जास्त उपयोगी पडतो. एका स्तंभाची आकृती साडेआठ सेंटिमीटर रुंद धरा, त्या रुंदीला अक्षरं आठ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका. रेषाचित्रं शक्यतो व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या) स्वरूपात, नाहीतर ६०० डीपीआय. छायाचित्रं ३०० डीपीआय. स्क्रीनशॉट कधीच नको.

सबमिट करताना

एआयपी आणि एपीएसच्या (अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या) जर्नलांसाठी लेटेक या टाइपसेटिंग प्रणालीतलं रेव्हटेक ४.२ हे पॅकेज वापरा. वर्ड चालतं, पण तीनशे संदर्भ आणि साठ समीकरणांची फाइल पाचव्या दुरुस्तीनंतर हाताबाहेर जाते.

संपादकांना पत्र एका पानाचं: प्रस्ताव कधी मान्य झाला, लेखाचा मुख्य निष्कर्ष काय, प्रस्तावापेक्षा काही बदललं असेल तर का. सोबत सगळ्या लेखकांचे सोळा अंकी ऑर्किड (संशोधकाची ओळख पटवणारे) क्रमांक, कोणी काय काम केलं याचं क्रेडिट या ठरावीक पद्धतीने निवेदन (त्यात १४ भूमिका आहेत, ज्याच्यासमोर एकही लिहिता येत नाही त्याचं नाव आभारात जातं, विभागप्रमुख असले तरी), हितसंबंधांचं निवेदन, डेटा कुठे मिळेल ते, आणि एआय साधन वापरलं असल्यास कशासाठी. एआयला लेखक म्हणून घालता येत नाही. संस्थेचं नाव सगळ्यांनी एकसारखं लिहा. २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असताना एका सहलेखकाने 'पुणे विद्यापीठ' लिहिलं की डेटाबेसमध्ये दोन संस्था तयार होतात.

रेफ्रींची चार-पाच नावं सुचवा. गेल्या तीन-चार वर्षांतले सहलेखक नकोत, तुमचे जुने गाइड नकोत, सगळे एकाच देशातले नकोत, ईमेल संस्थेचा हवा. ज्यांचं मोजमाप तुम्ही लेखात मोडीत काढलंय त्यांना टाळायचं असेल तर 'हे नकोत' या रकान्यात कारणासह एखाद-दोन नावं देता येतात.

स्कॉलरवन असो, एडिटोरियल मॅनेजर असो की पीअर एक्स-प्रेस, लेख सबमिट करण्याची प्रणाली शेवटी एक पीडीएफ बनवून दाखवते. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उघडून बघा. मायक्रोच्या चिन्हाच्या जागी चौकोन, संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं, आठव्या आकृतीच्या जागी सातवी, हे सगळं तिथेच दिसतं.

रेफ्रींचं उत्तर आल्यावर

दोन-तीन अहवाल येतात. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर कुठल्या ओळीत ते लिहा. बदललेला मजकूर लेटेकडिफ या साधनाने रंगवून वेगळी फाइल जोडा. 'आम्ही सहमत आहोत, दुरुस्ती केली' एवढंच लिहून बदललेलं वाक्य न देणं हा रेफ्रीला चिडवण्याचा खात्रीचा मार्ग. जिथे रेफ्री चुकतोय तिथे मान्य करू नका. आकडे देऊन, दोन वाक्यांत, थंडपणे असहमती मांडा.

एखादा रेफ्री आपलेच आठ पेपर घालायला सांगतो. त्यातले विषयाला लागू असतील ते घ्या, बाकीच्यांबद्दल संपादकांना वेगळ्या गोपनीय टिपणात कळवा. संपादकाला हा प्रकार नवा नसतो.

लेख परत देताना मधल्या काळात आलेले महत्त्वाचे पेपर तक्त्यात घाला आणि शोधाची नवी तारीख लिहा. एक ओळ वाढली तरी तक्त्यावर आधारलेली मजकुरातली वाक्यं पुन्हा तपासा. 'आजवरचा सर्वाधिक' हे वाक्य नेमकं याच काळात खोटं ठरतं.

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायला येणारी टाइपसेट प्रत, आल्यावर सहसा ४८ तासांत परत मागतात. मजकूर टाइपसेट करताना वजा चिन्हं गळतात, घातांक खाली येतो, तक्त्यातली एक ओळ सरकते आणि एकाचा झेडटी दुसऱ्याच्या नावावर जातो. तक्ता दोघांनी मिळून तपासा: एकाने मूळ फाइलमधून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर टिक करायची. मग प्रत्येक आकृतीखालची श्रेयाची ओळ परवानापत्रातल्या शब्दांशी जुळवून बघा, कारण काही प्रकाशकांना ती ठरावीक शब्दांतच लागते.